तळ न दिसलेला काप

३ जून, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या प्रकरण संचालकांपर्यंत गेलंच, तर माझ्याकडे तारीखवार नोंद असावी.

घडलं ते असं. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नव्या डॉक्टरीणबाई माझ्या टेबलाशी आल्या. नाव शारोल्ता, वय फार तर तेहतीस, सेगेडच्या मोठ्या इस्पितळातून आलेल्या, रुजू होऊन पंधरा दिवस. त्यांनी पाच काचपट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. परत. पाच! सव्वीस वर्षांत माझ्याकडे पट्टी परत आली आहे ती एकूण तीनदा, आणि त्यांतही दोनदा दोष रंगाचा होता.

"वेंडेलकाका, काप फार सुरेख आहेत," त्या म्हणाल्या, "पण ह्यांत तळ दिसत नाही."

"कसला तळ?"

"आतड्याच्या अस्तरात त्या बारीक विहिरी असतात ना, त्यांचा."

मी म्हणालो, "डॉक्टर, काप तीन मायक्रॉनचा आहे, केसाहून कितीतरी पातळ. एक सुरकुती दाखवा, पात्याचा एक ओरखडा दाखवा, आत्ता राजीनामा लिहून देतो."

"ओरखडा नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "तळही नाही."

आणि काका! मी चोपन्नचा आहे.

४ जून, मंगळवार

काल रागात मुख्य गोष्ट राहिली. मी कोण, ते.

माझा बाप तिसा नदीकाठच्या बाजारात सुऱ्यांना धार लावायचा, आणि मी त्याच्या हाताखाली शिकलो. ह्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा आलो तो काप घ्यायच्या यंत्राची पोलादी पाती धार लावायला. पात्याला धार आहे की नाही हे कापून पाहिल्याशिवाय कसं कळणार? म्हणून कापून पाहिलं. तिथे होती ती पदवीवाली बाई माझा काप बघून गप्पच झाली. पुढच्या महिन्यात मला ठेवून घेतलं. माझ्याकडे कागद नाही. जे आलं ते हातातून आलं. डॉक्टर आतड्यातून, कातडीतून, जिथून काढतील तिथून तुकडा काढतात. मी तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतो, कापतो, रंगवतो. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि माणसाचं भवितव्य लिहितात. ते जे बघतात ते मी कापलेलं असतं, एवढंच माझं म्हणणं.

भिंतीवर माझा एक फोटो आहे. म्हणजे माझा नव्हे, माझ्या कापाचा. ठोकळा क्रमांक ४११७, दोन वर्षांपूर्वीचा. गोल गोल भोकं, प्रत्येकात एक चांदणी, सगळ्या सारख्या अंतरावर, जणू कुणी विणलंय. खाली पितळी पट्टी मीच कोरून लावली आहे. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्याचा खालचा भाग कुठे आहे?" खालचा भाग! चौकटीत मावतो तेवढा सगळा आहे की. शिकलेल्या माणसांना कधी कधी सोपी गोष्ट दिसत नाही.

१४ जून, शुक्रवार

फोटोच्या चौकटीला एक पिवळी चिठ्ठी. "४११७ चा ठोकळा तळघरातून मिळेल का? शा."

मला वाटतं त्यांना तो काप इतका आवडला आहे की सेगेडला दाखवायला हवाय. मी चिठ्ठी काढून खिशात घातली. आधी माझ्या पाच पट्ट्यांबद्दल दोन शब्द बोला, मग ठोकळा.

२४ जून, सोमवार

चिठ्ठी पुन्हा. ह्या वेळी "कृपया" आहे. सरकारने घरोघरी आतड्याच्या तपासणीची पत्रं पाठवल्यापासून पॉलिपांचा पूर आला आहे. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आत वाढलेला मांसाचा कोंब. आज एकवीस आले. तळघरात जायला वेळ कुणाला आहे?

२५ जून, मंगळवार

आज जे पाहिलं ते नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे.

मी भांडायलाच गेलो होतो. माझी सर्वांत चांगली पट्टी घेऊन त्यांच्या खोलीत शिरलो आणि म्हणालो, "ह्यात काय कमी आहे ते दाखवा." त्यांनी दोघांनी मिळून बघायचा सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. त्याला समोरासमोर दोन जोड्या डोळे असतात.

"बसा काका. आधी निरोगी बघू."

मी सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघतो आहे. पण मी काप बघतो. घडी आहे का, रंग सारखा बसलाय का, कडा फाटली का. काप कशाचा आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण ते खरं आहे.

त्या सूक्ष्मदर्शकातली बारीक दर्शक-सुई हलवत होत्या. "ह्या विहिरी. शेजारी शेजारी, सरळ खाली गेलेल्या. हा तळ. इथे नव्या पेशी जन्मतात. जन्मली की ती भिंतीला धरून वर निघते. तिच्याखाली दुसरी जन्मते, तिला वर ढकलते. चार-पाच दिवसांत काठावर. काठावर पोचली की सुटून पडायचं. संपलं."

"रोज?"

"रोज. तुम्ही गेल्या सोमवारी जे अस्तर घेऊन हिंडत होता, त्यातलं जवळजवळ काहीच आज उरलेलं नाही."

मी विचारलं, "मग वर चढणारीला कसं कळतं कुठे थांबायचं?"

त्या हसल्या. "ते पुरतं कळलं तर मला इथे पॉलिप मोजत कोण बसवेल?"

मग त्यांनी आजारी दाखवले. पहिल्यात पेशी काठावरच जन्मत होत्या, जिथे त्यांनी मरायला हवं तिथे, गर्द जांभळ्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. "हा नेहमीचा. ह्याला ओळखायला मी लागत नाही." दुसऱ्यात जन्म तळाशीच, पण वर पोचलेल्या उतरायला तयार नाहीत. म्हणून गर्दी, म्हणून भिंतीला घड्या, करवतीचे दाते असतात तशा. "हा बहुतेक वेळा निरुपद्रवी."

तिसरा दाखवला तेव्हा मी म्हणालो, "हा तर तोच."

"वरून तोच. खाली या."

खाली गेलो. सरळ नळीच्या तळाला बूट फुटला होता. विहीर खाली गेली आणि जमिनीला लागून आडवी पसरली. शेजारची दोन्ही बाजूंना, उलट्या टी अक्षरासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्माची जागा तळावरून सरकून भिंतीवर आली. मग पेशी वरही जातात आणि खालीही. खाली जागा नाही, म्हणून पसरतात. हा दहा-पंधरा वर्षांत कर्करोग होऊ शकतो, आणि कधी मधेच घाई करतो. वरून दोघे जुळे भाऊ, फरक सगळा तळाशी. आणि तुकडा मेणात आडवा बसला, तर आपण फक्त वरचं कापत राहतो."

मी तसाच खाली आलो. परत आलेल्या पट्ट्यांचे पाचही ठोकळे वितळवले, तुकडे कडेवर उभे केले, पुन्हा कापले. तळ आला. त्यांतला एक बुटाचा होता.

१ जुलै, सोमवार

तुकडा वाळताना वळतो, गुंडाळी होतो, आणि मग मेणात उभा कसा करायचा हा खरा प्रश्न. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांच्याकडे एक तंत्रज्ञ बाई काढलेला तुकडा लगेच काकडीच्या पातळ चकतीवर पसरायची, तळ काकडीला टेकवून. तो चिकटतो. मग काकडीसकट मेणात. हिरवी साल दिसली की खालची बाजू कुठली ते कळतं.

"काकडी," मी म्हणालो. "आम्ही ती दह्यासारख्या सायीत घालून खातो."

"उरलेली खा की," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ताईकडे गेलो. एतेल्काताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्या परसात ह्या दिवसांत काकड्यांचे ढीग असतात. अंगणातल्या बाकावर बरण्या ओळीने उन्हात ठेवलेल्या, मिठाच्या पाण्यात काकड्या, वर पावाचा तुकडा. तीन दिवसांत आंबतात. पाणी ढगाळ झालं की उतरवायच्या.

"दवाखान्याला काकड्या कशाला रे?"

"पेशंटखाली अंथरायला."

"मग जाड काप. तुझ्यासारख्याने कापली तर पेशंट खाली पडायचा."

पाव मिलिमीटर फार पातळ होते, विरघळते. एक मिलिमीटर जाड. साधारण अर्ध्या मिलिमीटरवर जमतं. उद्या एन्डोस्कोपीच्या खोलीत, जिथे नळी घालून पॉलिप काढतात, तिथे चकत्या घेऊन स्वतः जाणार आहे.

११ जुलै, गुरुवार

चौदा पॉलिप काकडीवर. बारांना तळ. एन्डोस्कोपीच्या नर्सा मला "कोशिंबीरवाला" म्हणतात. म्हणोत. ह्या जिल्ह्यात आजघडीला काकडीचा काप माझ्याइतका कुणी घेत नसेल.

सध्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पट्ट्या बघत बसतो. ओरखडे नाही बघत. तळापासून एक एक पेशी मोजत वर जातो. आज एक विहीर नेमकी मधोमध दुभंगताना सापडली. तळाशी एक खाच, तिथून ती दोन होत होती. तीन मायक्रॉनमध्ये तो क्षण माझ्या पात्याखाली आला होता. सुट्टी संपल्याचं कळलंच नाही.

१४ जुलै, रविवार

ताईकडे जेवायला होतो. माशाचं तिखट सूप.

मेजावर फुलदाणीखाली तिने विणलेला गोल रुमाल असतो. दोन वर्षांपूर्वी मी तिला ४११७ च्या फोटोची प्रत दिली होती, आमच्या प्रयोगशाळेतली एक सुंदर गोष्ट म्हणून. तिला तो नमुना इतका आवडला की तिने तसाच क्रोशाच्या सुईवर विणला. गोल भोकं, प्रत्येकात चांदणी.

आज ती सूप वाढत होती आणि मी चांदणीची टोकं मोजत होतो, नेहमीच्या सवयीने. सहा, सात, सहा. हातात पाव होता. मनात आलं: करवतीचे दाते असलेली नळी आडवी कापली तर भोक गोल येणार नाही, भोक चांदणीसारखं येईल.

म्हणजे तो काप आडवा होता.

म्हणजे तो करवतीच्या दोघांपैकी एक होता, आणि कुठला ते कुणीही पाहिलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, खालचा भाग कुठे आहे. आणि दोन चिठ्ठ्या माझ्या खिशात.

एक गोष्ट मी ह्या वहीत लिहिलेली नाही, कारण नियमाने मी ती कुणालाच सांगायला नको होती. ४११७ ताईचा आहे. मीच बसवला, मीच कापला. नाव वाचलं होतं म्हणून जास्त मन लावून कापला. माझ्या नोंदवहीत लिहिलं आहे: "पोत अप्रतिम." तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी निकाल दिला: निरुपद्रवी, दहा वर्षांनी या.

"सूप तिखट झालं का रे?" ताईने विचारलं. "डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

"झालंय," मी म्हणालो.

१५ जुलै, सोमवार

सात वाजताच तळघरात गेलो. ठोकळा चार मिनिटांत सापडला. महिनाभर मला वेळ नव्हता, आणि लागली चार मिनिटं.

डॉक्टरीणबाई आल्यावर दोन्ही चिठ्ठ्या आणि ठोकळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, कुणाचा आहे तेही. मला वाटलं होतं ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मीच खाली जायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग ठोकळा उजेडाकडे धरला. "वरचं कापलंय. खालचं अजून मेणात आहे. किती असेल?"

मी मापलं. शून्य दशांश आठ मिलिमीटर. दोन वर्षं ताईचा तळ आमच्या तळघरात पडून होता, कुणी न पाहिलेला.

"हा तुकडा उभा करायचा तर एकच संधी आहे, काका. दुसऱ्या कुणाला सांगू का? तुमची बहीण आहे."

"माझ्याहून चांगलं कोण करेल?" मी म्हणालो. पण तोंडातून निघालं तेव्हा ते बढाईसारखं वाटलं नाही. नुसतं खरं वाटलं, आणि त्याची भीती वाटली.

१६ जुलै, मंगळवार

सकाळी आठ ते नऊ चाळीस. मेण वितळवलं. तुकडा चिमट्याने उचलला, नखाच्या पापुद्र्याएवढा. वर कुठली बाजू, हे सांगायला काकडी नव्हती. बापाचं भिंग डोळ्याला लावलं. एका बाजूला जुन्या पात्याची गुळगुळीत चमक, ती वरची. दुसरी खरबरीत, ती खालची. कडेवर उभा केला. गार झालेला मेणाचा कोट त्याला धरेपर्यंत मी श्वास घेतला नाही असं पॉलिप घेऊन आलेली नर्स म्हणते. मी घेतला असणार.

सतरा काप निघाले. सहावा आणि सातवा त्यातल्या त्यात चांगले, एकेकच सुरकुती. बाकीच्यांना सुरकुत्या, एक फाटलेला. आयुष्यातले सर्वांत वाईट दिसणारे काप.

रंगवले. बघायला आधी मीच बसलो.

बूट. बूट, बूट, उलटा टी, पुन्हा बूट. जमिनीला लागून पसरलेले, ओळीने. आणि कापाच्या एका टोकापर्यंत गेलेले, म्हणजे तेव्हा सगळा निघालाच नव्हता. त्याचा उरलेला भाग अजून ताईच्या आत आहे, दोन वर्षं आपल्या जागी, कुणाला न दुखवता, आडवा पसरत.

मला घाबरायला हवं होतं, आणि घाबरलो होतोच. पण लिहितो ते खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं की मी सगळ्यात आधी थक्क झालो. इतकीशी चूक. जन्माची जागा पाच-सहा पेशींनी वर सरकली, एवढंच. आणि त्यातून हे सगळं.

२० जुलै, शनिवार

ताईला सांगितलं. पुन्हा नळी घालून बघावं लागेल, हेही.

"नाही," ती म्हणाली. "ते पोट साफ करायचं, लिंबाच्या वासाचं साबणाचं पाणी चार लिटर? गेल्या वेळी अख्खी रात्र सिंहासनावर काढली. डॉक्टर म्हणाले होते दहा वर्षं. अजून आठ आहेत."

"डॉक्टर चुकले नाहीत. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. मी चुकीचं दाखवलं."

ती काकड्या धूत होती. हात थांबला. "तू?"

"मी तुकडा आडवा बसवला. सुंदर दिसतो म्हणून फोटो काढला." मी मेजाकडे बोट दाखवलं. "तो रुमाल त्याचाच आहे. तुझाच."

ताईने फुलदाणी उचलली. रुमालाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे दोन वर्षं मी स्वतःच्या आतड्यावर फुलदाणी ठेवतेय?"

"हो."

"आणि गेल्या नाताळात पाद्रीबुवांनी त्यावर केक खाल्ला!"

ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मीही हसलो. मग ती एकदम थांबली आणि ओल्या हातांनी तिने माझा कान धरला, लहानपणी धरायची तसा.

"तू आयुष्यात कधी 'मी चुकलो' म्हणाला नाहीस. बाबांची सुरी मोडली तेव्हाही सुरीच वाईट होती. म्हणजे हे गंभीर आहे."

"आहे."

"कधी यायचं?"

८ ऑगस्ट, गुरुवार

मी वरती एन्डोस्कोपीच्या खोलीत, पडद्यासमोर. आत यायची परवानगी डॉक्टरीणबाईंनी मिळवली, चकत्यांच्या नावाखाली. ताई अर्धवट झोपेत.

आतडं आतून गुलाबी, ओलं, उजळ, एकावर एक कमानी. उजव्या बाजूला वळणाच्या पलीकडे एक पट्टा, फिकट, वर शेंबडासारखा पिवळसर थर. मला तो दिसलाच नसता. पाणी मारून थर धुतला तेव्हा खाली सपाट कोंब, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. खाली पाणी टोचून त्याला फुगवून वर उचलला, मग तारेच्या फासाने सबंध काढला.

मी चकती पुढे केली. ताईच्याच परसातली, सकाळी आठला कापलेली, शून्य दशांश पाच.

पेंगुळलेली ताई पुटपुटली, "माझी काकडी आहे ना? बाजारातली लावू नका."

१३ ऑगस्ट, मंगळवार

काप सरळ आला. हिरवी साल खाली, तळ खाली, विहिरी वर. डॉक्टरीणबाई आणि मी समोरासमोर बसून बघितलं.

बूट सगळीकडे. एका कोपऱ्यात तीन विहिरी वेगळ्या, गर्द, पेशी दाटलेल्या. त्यांनी घाई करायला सुरुवात केली होती. डॉक्टरीणबाई त्या कोपऱ्यावर किती वेळ थांबल्या ते मी मोजलं नाही. मी! मग त्या तळाखालच्या थराशी गेल्या, त्याच्या बाजूने हळूहळू सरकत राहिल्या.

"खाली कुठेच उतरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कडा चारी बाजूंनी निरोगी. कर्करोग नाही. आठ वर्षं थांबलो असतो तर..."

"ते वाक्य पुरं करू नका," मी म्हणालो.

"नाही करत, काका."

आज मी दुरुस्ती केली नाही. काका तर काका.

१४ ऑगस्ट, बुधवार

ताई निकाल घ्यायला आली तेव्हा तिला आमच्या खोलीत आणलं. "तुझा बघ," मी म्हणालो, आणि कोपरा नाही, निरोगी कड दाखवली. तिथल्या एका विहिरीच्या तळाशी एक पेशी दोन होताना सापडली आहे. दोन काळे धागे एकमेकांपासून दूर ओढले जात आहेत. मी तिला जन्म, चढण, काठ, सगळं सांगितलं. पाच दिवस.

ती बराच वेळ बघत राहिली. डोळे न काढता म्हणाली, "अशा किती?"

"विहिरी? लाखो."

"आणि हे सगळं मला न विचारता चालतं?"

"न विचारता."

"मी झोपले तरी?"

"तरी."

तिचा हात पोटावर गेला होता. मग म्हणाली, "बाई गं," आणि जागा डॉक्टरीणबाईंना दिली, एखादीला देवघरात पुढे जाऊ द्यावं तशी.

जाताना तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "आता हा काढणार असशील."

"बघू," मी म्हणालो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढा, नवीन लावू, सहाव्या कापाचा. मी म्हणालो, त्याला सुरकुती आहे. त्या म्हणाल्या, त्याला तळही आहे. नवीन शेजारी लावला.

जुना काढला, पण टाकण्यासाठी नाही. पितळी पट्टीवर आधीपासून दोन ओळी होत्या. काप: वेंडेल कोचोर. जाडी: तीन मायक्रॉन. खाली एका ओळीची जागा होती. बापाचं कोरणं घरून आणलं होतं. तिसरी ओळ कोरली: दिशा: चुकीची.

अक्षरं सरळ आली आहेत, आधीच्या दोन ओळींइतकीच खोल. फोटो होता त्याच खिळ्याला, डोळ्यांच्या उंचीवर टांगला आहे.